कुणाचं, कुठलं, कधीचं?

शास्त्रीय संगीताचे दोन श्रोते भेटले, की ख्यालीखुशाली चार वाक्यांत आटोपते आणि मग खरं बोलणं सुरू होतं : "सध्या काय ऐकताय?" समजा उत्तर आलं, "मन्सूरांचा शिवमत भैरव." एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. रेडिओवरचा की मैफलीतला? पन्नाशीतला की सत्तरी उलटल्यानंतरचा? तबल्याला कोण? पेटी आहे की सारंगी? असे प्रश्न झाल्यावर मग समोरचा म्हणतो, "अच्छा, तो होय! आहे माझ्याकडे." किंवा, "हा नाही ऐकला. पाठवा."

बाहेरच्या माणसाला ही चौकशी अतिरेकी वाटते. पण ख्यालगायकीत एकच गवई तोच राग, तीच बंदिश दहा वेळा गाईल आणि दहाही वेळा निराळा गाईल. "भीमसेनजींचा पुरिया धनाश्री ऐका" ही शिफारस म्हणूनच अपुरी. असे कितीतरी आहेत. कुठला ते सांगितल्याशिवाय शिफारस पुरी होत नाही. रसिकांनी एकमेकांना ऐकलेलं सांगण्याची जी रीत गेल्या सव्वाशे वर्षांत घडत गेली, तिचा आढावा घेताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. पूर्वी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आवाज झिजायचा, पण कुणाचं, कुठलं, कधीचं ही माहिती बहुधा शाबूत राहायची. आज आवाज जसाच्या तसा पोचतो आणि माहिती मात्र वाटेत गळून पडते.

रेकॉर्ड येण्याआधी "काय ऐकता" याचा अर्थ "कुणाला ऐकलंत" एवढाच होता. पुण्याचा गायन समाज, १८८३ साली सुरू झालेला कोल्हापूरचा देवल क्लब, गिरगावातली ट्रिनिटी क्लबसारखी मंडळं, संस्थानिकांचे दरबार आणि पेठांतले दिवाणखाने. जो तिथे पोचला त्याने ऐकलं, बाकीच्यांनी त्याच्याकडून वर्णन ऐकलं. गवयांचा स्वभावही झाकून ठेवण्याचा. चीज पुरती सांगायची नाही, अंतरा खाऊन टाकायचा, अनवट राग अनोळखी माणसासमोर गायचा नाही. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. पण आज कुणाला त्यांचा आवाज ऐकायचा म्हटला तर बाजारात आलेली एकही ध्वनिमुद्रिका नाही. १९२२ साली गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचंही तेच. या दोघांबद्दल मराठी माणूस जे काही जाणतो ते शिष्यांच्या गळ्यातून आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या लेखणीतून. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ साली आलं. त्यात घराण्यांची जी फोड आहे, तीही मुळात वर्षानुवर्षं समोर बसून ऐकलेल्याची आहे. मराठीत संगीतावर इतकं आणि इतक्या बारकाईने लिहिलं गेलं, यामागे हेही एक कारण असावं. ऐकवता येत नव्हतं, म्हणून सांगावं लागत होतं.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाईसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, हे त्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात बसलेलं आहे. त्यात ऐट असेलही, पण कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कामगारांना कुठला आवाज कुणाचा हे कळणार कसं? म्हणून गाणाऱ्यानेच नाव सांगून टाकायचं. म्हणजे कुणाचं, हे त्या वेळी गाण्यातच कोरलेलं होतं. आज नाव नसलेली फाइल हाती पडते तेव्हा ही पद्धत फार शहाणपणाची होती असं वाटतं.

तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. तेवढ्यात राग उभा करणं हे निराळंच कसब होतं आणि ते सगळ्यांना साधलं नाही. अब्दुल करीम खाँना साधलं. त्यांच्या झिंझोटीची रेकॉर्ड हे मराठी-कानडी मुलखात एकाने दुसऱ्याला "हे ऐक" म्हणून सांगण्याचं बहुधा सगळ्यात मोठं उदाहरण असेल. दुकानात वाजणारी ही रेकॉर्ड ऐकून गदगचा अकरा वर्षांचा एक मुलगा इतका वेडावला, की १९३३ साली गाणं शिकायला घर सोडून निघाला. पुढे तो कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे अब्दुल करीम खाँच्याच शिष्याकडे शिकला. भीमसेन जोशींची ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची धार बोथट झाली. त्यातला एक तपशील मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. त्या मुलाला ती रेकॉर्ड कुणी भेट दिली नव्हती, घरी फोनोही नव्हता. दुकानदार गिऱ्हाईक यावं म्हणून वाजवत होता आणि रस्त्यावरच्या कुणालाही ती फुकट ऐकू येत होती. चहाच्या हॉटेलांनी आणि रेकॉर्डच्या दुकानांनी जेवढे श्रोते तयार केले तेवढे दिवाणखान्यांनी केले नसतील.

या तबकड्यांचं एक दुखणं आजवर पुरलं आहे. त्यांना आपण सरसकट ७८ आरपीएमच्या म्हणतो. पण सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग मिनिटाला सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही असे. समजा गाणं ७४ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालं आणि आपण ७८ने वाजवलं, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. गवई गायला काळी एकमध्ये, आपल्याला ऐकू आला पांढरी दोनमध्ये. वर तान जास्त जलद, आवाज जास्त कोवळा. अशी कितीतरी गाणी चुकीच्या वेगातच फोनवर फिरत आहेत आणि "काय पातळ, धारदार आवाज होता हो त्या काळी!" अशी दादही घेत आहेत. जाणकार संग्राहक आधी पट्टी तपासतो, त्या गवयाच्या इतर ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहतो आणि मगच वेग ठरवून डिजिटल प्रत करतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने आणि तिच्या सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी रेकॉर्डवरचे क्रमांक, लेबलं, कॅटलॉग जुळवून जे काम केलं त्याचं मोल गाणं 'पाठवणाऱ्यां'पैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

रेडिओबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची आठवण काढणारे पुष्कळ आहेत. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीतावरच्या त्यांच्या रागाची टिंगल पुरेशी झालेली आहे. पण शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि त्याने एक गोष्ट घडवली : चिपळूणचा मास्तर, इंदूरचा कारकून आणि बेळगावची गृहिणी एकाच वेळी एकच गाणं ऐकू लागली. सोमवारी ऑफिसात "परवा ऐकलंत का?" असं विचारता येऊ लागलं. मैफलीला एकटीदुकटीने रात्री बाहेर पडणं ज्या बायकांना शक्य नव्हतं, त्यांना स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेल्या रेडिओवर अमीर खाँ भेटले. पुढे विविधभारतीच्या 'संगीत सरिता'ने सकाळच्या डब्याच्या गडबडीत रागांची तोंडओळख करून दिली. आज आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी आहे, २०१६च्या प्रजासत्ताक दिनापासून. चांगली चालते, पण तिच्यावर लागलेलं गाणं दुसऱ्या दिवशी बोलण्यात येत नाही. ते आपल्यासोबत आणखी कुणी ऐकलं असेल, याची आता खात्री नसते.

खरी देवघेव सुरू झाली ती टेप आल्यावर. आधी स्पूलचं जड यंत्र, जे एखाद्या डॉक्टरकडे, वकिलाकडे, कारखानदाराकडे असे आणि ज्याच्या जोरावर तो मैफलीत पहिल्या रांगेत बसे. मग सत्तरीच्या अखेरीपासून कॅसेट. "भरून देता का?" हे त्या काळातलं परवलीचं वाक्य. कोरी कॅसेट घेऊन जायचं, आठवड्याने भरलेली आणायची. बाजारातही माल होता. पुण्याच्या अलुरकर म्युझिक हाऊसने मैफलीतलं आणि खासगी बैठकांतलं गाणं कॅसेटवर आणून एका पिढीचा कान घडवला. पण रसिकांची खरी भूक 'न निघालेल्या' गाण्याची असायची.

अशी भरलेली एखादी कॅसेट आजही कुणाच्या कपाटात सापडते, ती नीट पाहण्यासारखी असते. आतल्या कार्डावर निळ्या शाईत बारीक अक्षर : बाजू अ, शुद्ध कल्याण, विलंबित व द्रुत. खाली तबला, पेटी, मागे तंबोऱ्यावर कोण. मग गाव, सभागृह किंवा कुणाचं घर, तारीख. कोपऱ्यात ज्याच्याकडून भरून घेतली त्याचं नाव आणि कधी कधी "मूळ स्पूलवरून" अशी नोंद. ही नोंद महत्त्वाची, कारण प्रतीची प्रत काढली की दर खेपेला खरखर वाढायची आणि वरचे सूर बोथट व्हायचे. तिसऱ्या हाताची प्रत म्हणजे गवई पावसात उभा राहून गातोय असं वाटे. रेकॉर्डरच्या बॅटऱ्या मुद्रणाच्या वेळी मरत आल्या असतील तर टेप हळू सरकलेली असे, आणि नीट यंत्रावर लावली की गाणं उत्तरोत्तर चढत जाई, सुरातही आणि लयीतही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. विलंबित रंगात आलेलं, आलाप तार षड्जाशी येऊन थांबलेला आणि खट्. बाजू संपली. उलटून लावेपर्यंत मूळ मैफलीत दोन आवर्तनं होऊन गेलेली. त्या वर्तुळातल्या सगळ्यांच्या प्रतीत तो खड्डा त्याच जागी असायचा आणि सगळ्यांना तो पाठ असायचा. पुढे कधी त्याच मैफलीची दुसऱ्या कुणी केलेली, न तुटलेली प्रत मिळाली की सण.

या व्यवहाराला कायदे होते, फक्त ते कुठे लिहिलेले नव्हते. एक द्यायची, एक घ्यायची. ज्याने दिली त्याला विचारल्याशिवाय पुढे द्यायची नाही. काही संग्राहक तर शेवटपर्यंत कुणालाच दिलं नाही म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्याकडे जाऊन फक्त बसून ऐकायचं, चहा प्यायचा आणि रिकाम्या हाताने परतायचं. हा कंजूषपणा मला कधीच आवडला नाही. त्या माणसांमागे कितीतरी टेपा बुरशी लागून गेल्या, वारसांनी रद्दीत काढल्या. ज्यांनी आपला ठेवा एनसीपीएसारख्या संस्थांकडे दिला, किंवा १९८२ साली पुण्यातच सुरू होऊन पुढे दिल्लीकडे गेलेल्या मानवसंगीतशास्त्राच्या संग्रहकेंद्राकडे सोपवला, त्यांचंच टिकलं. तरीही त्या कंजूष माणसांची एक बाजू सांगायला हवी. ते गाणं ऐकवताना गप्प बसवत. मध्येच बोललात तर टेप बंद. आणि नेमक्या जागेच्या दोन आवर्तनं आधी बोट वर करून सांगत, "आता बघा."

शिफारस म्हणजे मला वाटतं तेवढंच : "आता बघा." कुठे कान द्यायचा हे सांगणं.

आजचं चित्र याच्या अगदी उलट. पुरवठा अमर्याद, राखणदार कुणी नाही. सकाळी डोळा उघडतो तो फोनवर चार लिंका आलेल्या असतात. त्यांत काय असतं, हे वर्षभर नुसतं न्याहाळलं तरी मराठी श्रोत्याची अभिरुची कळते. सगळ्यात जास्त ख्याल, त्यातही गळ्याचा. किराणा आणि जयपूर घराणी आघाडीवर, ग्वाल्हेरचा मान मोठा पण लिंका कमी, आग्र्याचे चाहते मोजके आणि कडवे. भीमसेन, किशोरीताई, कुमार, वसंतराव, मन्सूर आणि अमीर खाँ ही सहा नावं काढली तर अर्धी यादी रिकामी होईल असा माझा अंदाज आहे. वाद्यसंगीतात निखिल बॅनर्जी आणि विलायत खाँ येतात, पण पाहुण्यासारखे. ध्रुपद जवळजवळ नाहीच. झिया मोहिउद्दीन डागर पनवेलजवळ पळस्प्याला राहून रुद्रवीणा शिकवत होते, १९९० साली गेले, तरी मराठी रसिकांच्या देवघेवीत त्यांचा यमन क्वचितच दिसतो. कर्नाटक संगीताची अवस्था याहून बिकट. हंसध्वनी, कीरवाणी, चारुकेशी आपले म्हणून ऐकायचे आणि ते जिथून आले तिकडे वळून पाहायचं नाही, असा एकूण खाक्या. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारे मराठी लोक आहेत, बरेच आहेत, पण ते सहसा आपल्याआपल्यात बोलतात.

यादीत तारखांचाही मोठा वाटा असतो. २०२० साली वसंतराव देशपांड्यांची जन्मशताब्दी, २०२२ साली भीमसेनजींची, २०२४ साली कुमारांची. त्या त्या वर्षी त्यांचं गाणं धो धो वाहिलं. आणि मृत्यू. २०२४च्या जानेवारीत आठवड्याच्या आत राशिद खाँ आणि प्रभाताई अत्रे गेले. प्रभाताईंचे मारू बिहाग आणि कलावती त्या दिवशी किती फोनांवर वाजले असतील! ते वाजावेतच, इतके ते सुरेख आहेत. पण प्रभाताई त्यानंतर कितीतरी वर्षं गात होत्या, रचना करत होत्या, लिहीत होत्या, आणि श्रद्धांजली म्हणून फिरलं ते बहुतेक त्या एकाच जुन्या तबकडीवरचं. आपण वाटतो ते पुष्कळदा आधीच सगळ्यांकडे असलेलंच.

हयात कलाकारांचं गाणं तर याहून कमी फिरतं. उल्हास कशाळकर, व्यंकटेशकुमार, अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या मैफलीला दाटी होते, पण "सध्या काय ऐकताय?" याच्या उत्तरात ते मागे पडतात. "ते काय, पुन्हा ऐकता येतील" हे त्यामागचं गणित. त्याहून तरुण गायकांना तर रसिक ऐकतात ते परीक्षक होऊन. याला एक सुखद अपवाद नाट्यसंगीताच्या वाटेने आला. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७चं नाटक २०१५ साली पडद्यावर आलं आणि अभिषेकीबुवांच्या चाली कधी न ऐकलेली मुलं त्या ऐकू लागली. त्यांतली काही तिथून वसंतरावांकडे गेली, काही वसंतरावांकडून मारव्यापर्यंत पोचली. नाटकातून रागाकडे ही वाट मराठीत 'मानापमान' आणि 'स्वयंवर'पासूनची जुनी आहे. अजून चालू आहे, याचा मला आनंद आहे.

आता माहितीच्या झिजेकडे येतो. पूर्वी कार्डावर असलेलं सगळं आज "दुर्मीळ!! अवश्य ऐका" या एका ओळीत आटलेलं असतं. रागाचं नाव चुकतं, ते एक वेळ चालेल. जयपूरच्या जोडरागांत भलेभले चुकतात. पण वर्ष आणि ठिकाण कुणीतरी ठोकून दिलेलं असतं आणि ते शंभर जणांकडून फिरून आलं की खरं ठरतं. पडताळणीच्या काही सोप्या युक्त्या आहेत. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. तेव्हा "१९५८, आकाशवाणी मुंबई" असं लिहिलेल्या ध्वनिमुद्रणात साथीला स्वच्छ पेटी वाजत असेल, तर एक तर साल खोटं किंवा आकाशवाणी खोटी. निवेदकाचा आवाज सुरुवातीला असेल तर तो कापू नये. तो पुरावा असतो. मैफलीच्या मुद्रणात दाद देणाऱ्यांचे आवाज असतात. जुन्या श्रोत्यांना एखादं "क्या बात है" कुणाचं ते ओळखू येतं आणि त्यावरून सभागृह कळतं, सभागृहावरून वर्ष. ही ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याशेजारी बसून या गोष्टी लिहून घेण्याचं काम कुणा संस्थेवर सोडण्यासारखं नाही. घरचं कुणीही करू शकतं.

हे काम कसं करावं याचा एक नमुना मूळच्या गोव्याच्या राजन पर्रीकरांनी परदेशात राहून घातला. त्यांनी एकेका रागावर लिहिलं आणि प्रत्येक मुद्द्यापाशी त्या त्या गायकाचा तुकडा ऐकायला जोडला. त्यांची मतं तिखट आहेत, सगळी पटतात असंही नाही. पण 'कुणाचं, कुठलं' हे सांगून वर 'कशासाठी' हेही सांगणारी शिफारस कशी असते, ते तिथे दिसतं.

परवानगीचा प्रश्न मराठी रसिकांनी फारसा मनावर घेतलेला नाही. कायदा तसा स्पष्ट आहे. भारतात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं टिकतो. म्हणजे ७८ आरपीएमच्या तबकड्यांचं जवळजवळ सगळं भांडार आज मोकळं आहे. १९९४च्या दुरुस्तीने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला, तोही पुढे पन्नास वर्षांचा झाला. मैफलीत मोबाइल वर धरून केलेलं मुद्रण सगळीकडे पाठवणं हे म्हणूनच नुसतं वाईट दिसत नाही, बेकायदाही आहे. पण कायद्यापलीकडचा पेच जास्त कठीण. अन्नपूर्णादेवींनी लोकांसमोर वाजवणं सोडलं आणि मुंबईतल्या घरात २०१८ पर्यंत फक्त शिकवलं. त्यांचं जे थोडं वादन आज ऐकायला मिळतं, रविशंकरांसोबतची यमन कल्याणची जुगलबंदी त्यातलीच, ते त्यांनी आपल्या हाताने जगासमोर ठेवलेलं नाही. ते ऐकावं का? मी ऐकतो. दुसऱ्याला पाठवताना मात्र हात अडखळतो, आणि तो अडखळावा असं वाटतं.

केसरबाई केरकरांचं उदाहरण तर विलक्षणच. गोव्यातल्या केरीची ही बाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कमालीची काटेकोर. त्यांचं जे मुद्रित झालं ते थोडकंच. त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची एक तबकडी रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने कार्ल सेगनच्या मंडळींना सुचवली आणि १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ती दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या. ब्राऊनसाहेबाची शिफारस नेमकी होती : या बाईची, हीच भैरवी. त्याऐवजी त्याने "भारतीय शास्त्रीय गायन, दुर्मीळ" एवढंच कळवलं असतं तर काय गेलं असतं कोण जाणे.

तीस सेकंदांच्या तुकड्यांविषयी तक्रार करणं आता फॅशन झाली आहे, त्यामुळे मी बेताने करतो. तान तुकड्यात कळते, तिहाई कळते, लहान मुलाने घेतलेली अवघड सरगम कळते. विलंबित कळत नाही. बढत म्हणजे वेळच असतो, तो कापून पाठवता येत नाही. याचा परिणाम असा, की ज्यांचं गाणं तुकड्यात शोभतं ते जास्त फिरतात आणि ज्यांची सगळी ताकद पहिल्या वीस मिनिटांच्या संथपणात आहे ते मागे राहतात. शरच्चंद्र आरोलकरांसारखा ग्वाल्हेरचा गवई अशा बाजारात कुणाला दिसणार? उलटपक्षी हेही खरं, की पूर्वी ज्याला दिवाणखान्यात प्रवेश नव्हता, ज्याच्या गावात म्युझिक सर्कल नव्हतं, ज्याचा मामा-काका संग्राहक नव्हता, अशा मुलीला वा मुलाला आज ऐकायला अडवणारं कुणी नाही. गडचिरोलीत बसून अल्लादिया खाँच्या शिष्यपरंपरेतला प्रत्येक आवाज एका दुपारी ऐकता येतो. उणीव आहे ती शेजारी बसून बोट वर करणाऱ्याची. पुण्या-मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रणांची जी श्रवणसत्रं होतात ती याचसाठी उपयोगाची. एरवी घरबसल्या मिळणारंच गाणं तिथे वीस जण मिळून, न थांबवता ऐकतात आणि मग भांडतात. अशी सत्रं तालुक्याच्या गावी वाचनालयांत का होऊ नयेत, मला कळत नाही. त्याला एक बरा स्पीकर आणि एक बोलका माणूस एवढंच लागतं.

अमेरिका, आखात, इंग्लंड इथली मराठी माणसं या देवघेवीत वेळेच्या फरकाने सामील होतात आणि त्यातून एक गंमत घडते. पुण्याहून संध्याकाळी पाठवलेला मारवा न्यू जर्सीत सकाळच्या कॉफीबरोबर वाजतो. समयाचे नियम मानणारे कळवळतात. पण समयाचा प्रश्न आता इथेही तितकाच आहे. १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव वर्षानुवर्षं रात्रभर चालायचा. पहाटेचा ललत, तोडी ऐकून लोक उजाडता घरी जात. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आल्यावर रात्री दहाची वेळ आली, खास परवानगी मिळाली तर बाराची. मैफली दुपारी सुरू होऊ लागल्या आणि त्याचा फायदा भीमपलासी, मुलतानी, पटदीप, मधुवंती यांना झाला. हे राग आज जितके समोर बसून ऐकायला मिळतात तितके पन्नास वर्षांपूर्वी मिळत नसावेत. फटका बसला तो मध्यरात्रीनंतरच्या दरबारीला, अडाण्याला आणि पहाटेच्या रागांना. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम सोडले तर ललत त्याच्या वेळेला कुणाच्या तोंडून ऐकणं दुरापास्त झालं आहे. सध्या जुन्या ध्वनिमुद्रणांची सर्वांत जास्त मागणी या रागांसाठी दिसते, आणि मागणारे अलीकडे वेळही विचारू लागले आहेत : रात्रभराच्या बैठकीतला आहे का, किती वाजता गायलेला?